शेडमध्ये मर वाढली की फोन कधी करायचा? (बर्ड फ्लू, पोल्ट्री आणि आपण)

शेडवाला_निफाड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलोय कारण महिनाभर डोक्यात साचलंय.

निफाड तालुक्यात माझं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं, शेड आहे, पाच हजार पक्ष्यांचं, करारावर. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं आणि शेड, लाईट, पाणी, तूस, मजुरी आपली. बॅच गेली की किलोमागे पैसे मिळतात आणि मर, म्हणजे मेलेल्या पक्ष्यांची संख्या, जास्त झाली की त्यातून कापले जातात. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. थंडी पडली की कालव्यात, शेततळ्यात सगळीकडे बाहेरची बदकं उतरतात, लहानपणापासून बघतोय.

गेल्या महिन्यात बॅच एकतिसाव्या दिवसावर होती. रोजची मर तीन-चार, कधी पाच. एका सकाळी १४ निघाले. दुसऱ्या दिवशी ६०. काही पक्षी मान वाकडी करून पडलेले, विष्ठा हिरवी. कंपनीच्या सुपरवायझरला फोन केला तर म्हणाला मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आहे, औषध पाठवतो, दोन दिवस थांब आणि कुठे बोलू नकोस, आजूबाजूच्या शेडांचं लिफ्टिंग, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलणं, आहे. तिसऱ्या दिवशी १४० मेले. त्या रात्री झोप लागली नाही. माझी पोरगी पाच वर्षांची आहे, तिला शेडमध्ये जायची सवय, पिल्लं आली की पहिले दोन दिवस ती पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरपाशीच असते. सकाळी सहाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला.

ते दोन तासात आले. घशातून आणि खालून बोळ्याने नमुने घेतले, मेलेले पक्षी बर्फात घालून नेले, पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून पुढे भोपाळच्या. रिपोर्ट येईपर्यंत शेडवर ये-जा बंद, आमच्या अंगणात चुना.

रिपोर्ट बर्ड फ्लू निगेटिव्ह आला, मानमोडीच होती.

पण तोपर्यंत गावात झालं ते झालं. व्यापाऱ्याने तीन शेडांची गाडी रद्द केली, पक्षी वजनाच्या पुढे गेले, नुसते खात बसले, मग भाव पाडून उचलले. त्या तिघांचं नुकसान माझ्या एका फोनमुळे झालं असं गावात सगळे म्हणतात. एक तर माझा चुलतभाऊच आहे, तो बोलत नाही. दुकानात आईला ऐकवलं.

मला फोनचा पश्चात्ताप नाही, परत वेळ आली तर परत करीन. पण हे सगळं बघून पुढचा माणूस फोन करेल का, हा प्रश्न सुटत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढला. अनुभव असेल तर लिहा, नुसता धीर नको.

---

जुना_पशुवैद्य

तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, आणि का ते सविस्तर लिहितो.

मी २००६ ला नोकरीत होतो आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पथकात होतो. १८ फेब्रुवारी २००६ ला भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ वर, म्हणजे बर्ड फ्लूच्या मारक विषाणूवर, शिक्कामोर्तब केलं, भारतातला तो पहिला उद्रेक. पण पक्षी मरायला लागले होते ते त्याच्या बरेच दिवस आधीपासून. सगळ्यांना वाटलं राणीखेत, म्हणजे तुमची मानमोडी. शेडमालकांना वाटलं, औषधवाल्यांना वाटलं आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्याही कित्येकांना वाटलं. यात मूर्खपणा कुणाचाच नव्हता. दोन्ही रोगांत मर एकदम चढते, मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, तुरा निळा-जांभळा पडतो, अंडी एकाएकी बंद होतात. शवविच्छेदनातसुद्धा सारखं दिसू शकतं. तीस वर्षं कोंबड्या बघितलेला माणूस उभ्या उभ्या "ही मानमोडी आहे" असं सांगत असेल तर तो अंदाज सांगतोय, निदान नाही. तुमच्या सुपरवायझरचा अंदाज या वेळी बरोबर निघाला, एवढंच.

नवापूरला आम्ही जे केलं ते आजही डोळ्यासमोर आहे. अंगात तो पांढरा सूट, दोन मास्क, गॉगल, हातमोजे, आणि खानदेशातलं फेब्रुवारीतलं ऊन. गॉगलवर वाफ धरायची, काही दिसायचं नाही, घाम बुटात साचायचा. जेसीबीने खड्डे काढायचे, पक्षी, अंडी, खाद्य सगळं त्यात, वर चुना, वर माती. लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, शेडं होती, पिंजऱ्यातून एकेक कोंबडी काढायची. मालक लांब उभे असायचे. कुणी आरडाओरडा केला नाही, नुसते उभे असायचे. आमच्या सगळ्यांच्या रक्ताचे, घशाचे नमुने गेले, गोळ्या दिल्या होत्या, दहा दिवस ताप मोजायचा. त्या साली देशात एकाही माणसाला लागण निघाली नाही हे आपलं भाग्य.

मग मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात निघाला, सावदा, मारूळ त्या बाजूला, आणि तो परसातल्या कोंबड्यांत. शेडवर पथक नेणं सोपं आहे हो. घराघरातून डालग्याखालच्या चार-चार कोंबड्या गोळा करायच्या, तेही म्हातारीच्या हातातून, ते फार अवघड.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या नियमात नुकसानभरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या जिवंत पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे पाच हजारातले दोन हजार तुम्ही गप्प बसून मरू दिले तर भरपाई तीन हजारांचीच. २०२१ ला आपल्या राज्यात दर होते मोठ्या लेयरला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७०, पिल्लाला २०, अंड्याला ३, खाद्याला किलोमागे १२. थोडक्यात, थांबण्यात शेतकऱ्याचाही तोटाच आहे. हे कुणी शेडावर जाऊन सांगत नाही, ते सांगायला पाहिजे. आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे संशय आला की कळवणं बंधनकारक आहे, ती तुमची मर्जी नाही. चुलतभावाला हे वाचून दाखवा.

---

खानदेशी_माणूस

डॉक्टरसाहेब तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. माझ्या मामाचं शेड होतं नवापूरला, लेयरचं, मी तेव्हा बारावीत होतो. मामी सांगते की पक्षी नेल्यावर सगळ्यात भयानक काय होतं तर आवाज गेला. लेयरच्या शेडाशेजारी राहणाऱ्याला तो कलकल आवाज चोवीस तास असतो, तो एका दिवसात बंद.

मामाने परत कर्ज काढून उभं केलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला परत आला. परत लाखोंनी पक्षी मारले. या वेळी लोकांनी लवकर कळवलं हे मी बघितलंय, पंधरा वर्षांपूर्वीचं सगळ्यांच्या लक्षात होतं. भरपाई मिळाली पण पुढचे कित्येक महिने शेड रिकामं, खाद्यवाल्याची उधारी तशीच, बँकेचा हप्ता तसाच. आणि भरपाई पक्ष्याची असते, अंड्याची असते, खाद्याची असते. अंडी गोळा करणाऱ्या बायका, ट्रे भरणारी पोरं, सगळी आजूबाजूच्या पाड्यांवरची, त्यांची मजुरी त्यात कुठेच बसत नाही. त्यातले कितीतरी जण गुजरातला निघून गेले कामाला. कोणी धोरण लिहित असेल तर हे लिहा. ज्याच्या हाताला पहिल्यांदा मेलेली कोंबडी लागते तो मजूर असतो, मालक नाही. त्याला जर माहिती असेल की मी बोललो तर उद्यापासून माझा रोज बंद, तर तो का बोलेल?

---

सुगरण_७२

धागा वाचतेय, फार महत्त्वाचा आहे. माझा साधा प्रश्न, राग मानू नका. बातमी आली की आमच्याकडे अंडी-चिकन लगेच बंद होतं, सासूबाई घरात आणूच देत नाहीत. खरंच खायचं नाही का? घरात लहान मूल आहे.

---

सूक्ष्मदर्शक

ताई, राग कसला, हाच प्रश्न विचारायला हवा.

नीट शिजलेलं चिकन आणि नीट उकडलेली अंडी यातून हा विषाणू लागत नाही. ७० अंशाच्या वर आतपर्यंत शिजलं की तो संपतो आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. धोका शिजवण्याच्या आधी आहे. कच्चं चिकन नळाखाली धुताना शिंतोडे उडतात, त्याच पाटावर मग काकडी चिरली जाते, तिथे लक्ष द्या. हाफ फ्राय, कच्चं अंडं घातलेलं काही, हे साथीच्या काळात नको. आणि कच्चा तुकडा मुलाच्या हाताला लागू द्यायचा नाही. मार्च २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची एक मुलगी एच५एन१ ने गेली, तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता असं तपासात पुढे आलं. त्याआधी २०२१ मध्ये हरयाणाचा एक मुलगा दिल्लीत एम्समध्ये गेला, तो आपल्या देशातला पहिला मृत्यू.

आता माणसांच्या साथीबद्दल, कारण मी विषाणूंवरच काम करते आणि लोक या बाबतीत एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात घाबरत नाहीत.

फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरायचं तर पेशीच्या अंगावर जी साखरेसारखी टोकं असतात त्यांना आधी चिकटावं लागतं. पक्ष्यांच्या आतड्यात ती टोकं एका पद्धतीने जोडलेली असतात, आपल्या नाकाघशात दुसऱ्या पद्धतीने. बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्या प्रकाराला चिकटतो. तसली टोकं आपल्याकडेही आहेत पण फुप्फुसात अगदी खोल. म्हणून माणसाला सहजी लागत नाही, भरपूर विषाणू श्वासातून खोल गेला तरच, आणि लागला की थेट खोल न्यूमोनिया होतो म्हणून इतका मारक. तो नाकाघशात नीट वाढत नाही म्हणून शिंकेतून पुढच्याला जात नाही. २००३ पासून जगात साडेनऊशेच्या वर लोकांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे आणि त्यातले जवळजवळ निम्मे गेले. तरी साथ झाली नाही ती याच कारणाने.

पण हा विषाणू स्वतःची नक्कल काढताना सतत चुका करतो. आणि त्याचे जनुक आठ सुट्ट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एका वेळी शिरले तर बाहेर पडताना तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. १९५७ आणि १९६८ च्या माणसांतल्या साथी अशाच अदलाबदलीतून आल्या होत्या. डुकरात दोन्ही प्रकारची टोकं असतात म्हणून डुकरं आणि कोंबड्या शेजारी-शेजारी पाळू नका असं सांगतात. शेडवर काम करणाऱ्यांनी दरवर्षी साधी फ्लूची लस घ्यावी असं मी म्हणते तेही यासाठीच. ती बर्ड फ्लूपासून वाचवत नाही, पण दोन विषाणू एका शरीरात भेटायची शक्यता कमी करते. शेडवाले दादा, तुमच्या गावात किती जणांनी घेतलीय?

म्हणजे प्रत्येक मोठा उद्रेक ही विषाणूला मिळालेली कोट्यवधी संधी. पाच हजार पक्ष्यांचं शेड तीन दिवस आधी बंद झालं तर तेवढ्या संधी कमी झाल्या. तुमचा फोन मी असा बघते.

---

शेडवाला_निफाड

@सूक्ष्मदर्शक ताई, खरं सांगतो, एकानेही नाही. अशी काही लस शेडवाल्यांनी घ्यायची असते हे मला आज कळतंय.

@जुना_पशुवैद्य काका, भरपाईचा मुद्दा चुलतभावाला वाचून दाखवला. तो म्हणाला तुझा पॉझिटिव्ह निघाला असता तर भरपाई, निगेटिव्ह निघाला तर माझ्या नुकसानीचं काय. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

पाणकावळा

मी पक्षी बघणारा आहे, नांदूरमध्यमेश्वरला दर हिवाळ्यात येतो. दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

पहिली, स्थलांतरित बदकं विषाणू आणतात हे खरं, २०२० च्या डिसेंबरात हिमाचलमध्ये पोंग धरणावर पट्टकदंब हंस हजारोंनी मेले ते एच५एन१ नेच. पण एका शेडातून दुसऱ्या शेडात तो बहुतेक वेळा आपणच नेतो. लिफ्टिंगची गाडी, न धुतलेले क्रेट, कागदी ट्रे, खाद्याची पोती, पक्षी पकडणाऱ्या पोरांच्या चपला, कोंबडखताचा ट्रॅक्टर. आणि जो एच५एन१ आज जगभर फिरतोय त्याचा मूळ पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये पाळीव हंसात सापडला होता. आपल्या पाळीव पक्ष्यांतून तो रानात गेला आणि आता रानातून परत येतोय.

दुसरी, बातमी आली की लोक झाडावरची घरटी पाडायला, बगळ्यांची सारंगागारं (एकत्र घरट्यांच्या वसाहती) मोडायला निघतात. कृपा करून करू नका. घाबरून उडालेला आजारी पक्षी आणखी लांब जाऊन पडतो. उलट मेलेला कावळा ही आपल्याला फुकट मिळालेली सूचना असते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळे मरून पडायला लागले, कुणीतरी कळवलं म्हणून तपासणी झाली आणि एच५एन१ निघाला. तिथे कोंबड्यांच्या आधी कावळ्यांनी सांगितलं. त्याच्या थोडं आधी नागपूरला गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगाने गेले. वाघ! तेव्हा हा फक्त कोंबडीवाल्यांचा विषय आहे असं कुणी समजू नये.

---

परसबाग_परभणी

मी बचत गटात आहे, आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरी पाच-दहा कोंबड्या, गावरान, कुणाकडे गिरीराज जातीच्या. इथे सगळी चर्चा शेडची चाललीय म्हणून लिहिते.

जानेवारी २०२१ ला आमच्या जिल्ह्यात मुरुंब्याला आठशे कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं हे काय असतं. तोवर आमच्याकडे पद्धत काय होती तर कोंबडी मान टाकायला लागली, डोळे मिटून बसायला लागली की मरायच्या आत कापायची आणि कालवण करायचं. कारण मेली तर वाया जाते. अडीचशे-तीनशे रुपयाची कोंबडी कोण फेकून देईल? आणि कापणार कोण तर घरातली बाई, हाताने, अंगणात, पोरं आजूबाजूला. शिजवल्यावर काही होत नाही हे मान्य ताई, पण कापताना, पिसं काढताना, आतडी काढताना काय? रात्री थंडीत कोंबड्या खाटेखाली, चुलीपाशी, त्याच खोलीत लेकरं झोपलेली.

आम्ही गटात ठरवलं की आजारी कोंबडी कापायची नाही. पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नाही. मग आम्ही काय केलं, गटाच्या पैशातून असं ठेवलं की जिची आजारी कोंबडी पुरली तिला एक पिल्लू. एवढंच. त्यानंतर बायका स्वतःहून सांगायला लागल्या, माझी एक मेली, माझ्या दोन बसल्यात. एका गल्लीत दोन दिवसात सात-आठ झाल्या की मी दवाखान्यात फोन करते. आतापर्यंत तीनदा केला, तिन्ही वेळा मानमोडी निघाली आणि तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले बरं झालं कळवलं, लस द्यायला आले.

शेडवाले भाऊ, तुमच्या चुलतभावाचा प्रश्न मला पटतो. आमच्या पिल्लासारखं काहीतरी तुमच्यात पण लागेल. पाच-पंचवीस शेडवाल्यांनी बॅचमागे थोडे पैसे बाजूला काढले तर नाही का होणार?

---

सूक्ष्मदर्शक

@परसबाग_परभणी, तुमची पोस्ट मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या. अजून एक सांगते, २०१९ ला मेळघाटातल्या दीड वर्षाच्या बाळाला एच९एन२ झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने शोधलं होतं, बाळ बरं झालं. हा प्रकार सौम्य आहे, कोंबड्या यात पटापट मरत नाहीत म्हणून लक्षातही येत नाही. तेव्हा कोंबड्या पाळणाऱ्या घरात कुणाला ताप, खोकला, धाप, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "आमच्याकडे कोंबड्या मेल्यात" हे वाक्य स्वतःहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

---

आयोवाकर

मी अमेरिकेत आयोवात राहतो, इथे अंड्यांची शेडं म्हणजे एकेका जागी लाखो कोंबड्या. २०२२ पासून या देशात १६ कोटींवर पक्षी गेले. मार्च २०२५ मध्ये डझन अंड्यांचा सरासरी भाव सव्वासहा डॉलरच्या आसपास होता, दुकानात फळ्या रिकाम्या. त्यात २०२४ च्या मार्चमध्ये दुभत्या गाईंत हा विषाणू निघाला जे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुधात विषाणू, गोठ्यातली मांजरं मेली, गोठ्यातल्या कामगारांचे डोळे लाल. आणि कामगार तपासणीला पुढे येईनात, कारण त्यातले कितीतरी बाहेरच्या देशातून आलेले, नोकरी जाईल, परत पाठवतील ही भीती. खानदेशी भाऊंनी पाड्यावरच्या मजुरांबद्दल लिहिलं ते मी इथे इंग्रजी-स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं ऐकलंय.

लसीबद्दल कुणीच लिहिलं नाही. फ्रान्सने २०२३ च्या ऑक्टोबरपासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली आणि उद्रेक एकदम कमी झाले. चीन तर कधीपासून देतो. आपल्याकडे का नाही देत?

---

जुना_पशुवैद्य

चांगला प्रश्न. आपल्याकडे एच९एन२ या सौम्य प्रकारावरची लस मिळते, पण एच५ च्या मारक प्रकारावर आपलं धोरण लसीचं नाही, शोधा आणि मारा असंच आहे. एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे, पुढे दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची.

लसीची अडचण अशी की लस दिलेली कोंबडी मरत नाही पण कधीकधी थोडा विषाणू सोडत राहते. मर दिसत नाही म्हणून फोनही येत नाही, आणि विषाणू गुपचूप फिरत राहतो. फ्रान्सने लसीबरोबर सतत नमुने तपासायची यंत्रणा उभी केली म्हणून ते जमलं. आपल्याकडे लाखो परसातल्या कोंबड्या, त्यांचे दर महिन्याला नमुने कोण घेणार? माझं वैयक्तिक मत, मोठ्या लेयर पट्ट्यांत तपासणीसकट लसीचा विचार व्हायला हवा, सगळीकडे सरसकट नको. निर्यातीचाही प्रश्न आहे, लस देणाऱ्या देशाचा माल घ्यायला दुसरे देश कुरकुरतात.

@शेडवाला_निफाड, तुमच्या चुलतभावाच्या प्रश्नाला सरकारी उत्तर आज नाही हे मी मान्य करतो. निगेटिव्ह रिपोर्टमुळे शेजाऱ्याची गाडी रद्द झाली तर त्याची भरपाई कुठल्याच खात्यात बसत नाही. आमच्या खात्याने निदान एवढं करावं की रिपोर्ट लवकर द्यावा आणि निगेटिव्ह आला की त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, व्यापाऱ्यांना कळवावा. संशयाची बातमी तासात पोचते आणि निगेटिव्हची आठवड्याने. ते अंतर कमी केलं तर अर्धं भांडण मिटेल.

आता शेडबद्दल काही कामाचं, कारण शेड रिकामं आहे तोवरच हे होतं. दारातल्या फूट डिपवर, म्हणजे बूट बुडवायच्या औषधी पाण्यावर, विसंबू नका. परमँगनेटचं जांभळं पाणी सकाळी केलेलं दुपारी तपकिरी होतं, तपकिरी म्हणजे त्यातला दम गेला. शेण-माती लागलेला बूट त्यात बुडवून काही होत नाही, आधी ब्रश आणि साबण. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, साबणासारखं स्वस्त औषध नाही. त्याहून सोपं सांगतो, दारात एक आडवा बाक टाका. बाकाच्या अलीकडे बाहेरच्या चपला, बाकावर बसून पाय पलीकडे घ्यायचे, पलीकडे शेडच्या चपला. शेडच्या चपलांनी कधीच बाहेर यायचं नाही, तुम्ही पण नाही, सुपरवायझर पण नाही, साहेब आला तरी नाही. बाजूच्या जाळ्या चिमणी जाणार नाही इतक्या बारीक हव्यात. सांडलेलं खाद्य रोज झाडायचं, कावळे त्यावरच येतात. कालव्याचं, शेततळ्याचं पाणी देत असाल तर टाकीत क्लोरीन टाकल्याशिवाय द्यायचं नाही. गार पाण्यात हा विषाणू बरेच दिवस टिकतो, उन्हात वाळलेल्या जागी लवकर मरतो, म्हणून आपल्याकडे उद्रेक हिवाळ्यात जास्त. आणि मेलेले पक्षी कालव्यात, रस्त्याकडेला टाकायचे नाहीत, खोल खड्डा, चुना, वर माती, कुत्र्याला उकरता येणार नाही असा.

---

खानदेशी_माणूस

बाकाची युक्ती मस्त आहे, मामाला पाठवली.

अफवेचा पण विचार करा राव. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोना चिकनमधून येतो म्हणून मोबाईलवर फिरलं आणि काही नसताना ब्रॉयलर मातीमोल गेला, लोकांनी फुकट वाटले, पिल्लं पुरली. तेव्हापासून शेडवाल्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की बातमी म्हणजे मरण. सुगरण ताईंसारखे लोक शहरात विचारून, समजून खायला लागले तर गावात फोन करायची हिंमत वाढेल असं मला वाटतं. भाव पडायची भीती हीच तर गप्प बसवते.

---

सुगरण_७२

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना मघाशी सगळा धागा वाचून दाखवला. रविवारी अंडा करी करायची ठरलीय, अंडी नीट उकडून. त्यांनी विचारलंय त्या निफाडच्या मुलाची आई आता कशी आहे.

---

शेडवाला_निफाड

ताई, आईला सांगितलं तर डोळ्यात पाणी आलं तिच्या. बरी आहे म्हणून सांगा.

उशिरा लिहितोय कारण कामात होतो. शेड धुऊन चुना मारून रिकामं ठेवलंय, नवी बॅच दोन आठवडे पुढे ढकलायला लावली, सुपरवायझर नाराज आहे पण लेखी मागितलं तेव्हा गप्प बसला. बाजूची जाळी बदलली. बाक सुताराकडून करून घेतला, चपलांचे सहा जोड आणलेत, वेगळ्या रंगाचे, म्हणजे कुणी घालून बाहेर आला तर लांबूनच दिसेल. पोरीला सांगितलंय की पिल्लं आता खिडकीतून बघायची. रुसलीय.

परसबाग ताईंचं पिल्लाचं वाचून चार दिवस विचार केला. आमच्या वाडीत अकरा शेडं आहेत. काल संध्याकाळी देवळात सगळ्यांना बोलावलं, आठ जण आले. बॅचमागे पक्ष्याला पंचवीस पैसे एका खात्यात टाकायचे, कुणी नमुना दिला आणि त्यापायी शेजाऱ्याचं लिफ्टिंग अडलं तर अडलेल्या दिवसांच्या खाद्याचा खर्च त्यातून द्यायचा, रिपोर्ट काहीही येवो. दोघांनी तिथेच नाही म्हटलं. चार जण हो म्हणाले, दोघे विचार करून सांगतो म्हणाले. चुलतभाऊ आला होता, मागे बसला होता, काही बोलला नाही. उठताना त्याने एवढंच विचारलं की खातं कुणाच्या नावावर काढणार. मी म्हटलं दोघांच्या सहीने, एक सही तुझी. अजून हो म्हणाला नाहीये.

@जुना_पशुवैद्य काका, एक विचारायचं राहिलं. रोजची मर किती झाली की फोन करायचा, एखादा आकडा ठरवून दिला तर बरं होईल, कारण प्रत्येकाचा आपापला अंदाज असतो आणि त्यातच दिवस जातात.

---

जुना_पशुवैद्य

तुमच्या वाडीपुरता नियम असा धरा. रोजच्या मरेच्या तिप्पट सलग दोन दिवस झाली, किंवा एकाच दिवसात शंभराला एक पक्षी गेला, तर थांबायचं नाही. तुमच्या पाच हजारात म्हणजे एका दिवशी ५०. खाणं-पाणी एका दिवसात पाचव्या हिश्श्याने कमी झालं तरी फोन, मर नसली तरी. पाणी आधी कमी होतं, मर नंतर दिसते, म्हणून टाकीवर खूण करा आणि रोज सकाळी त्याच वेळी मोजून वहीत लिहा. हा माझा अनुभवाचा हिशेब आहे, तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या हातून पक्का करून घ्या, म्हणजे पुढे त्यांनाही नाही म्हणता येणार नाही.

तुमच्या बॅचमध्ये दुसऱ्या दिवशी ६० गेले होते. या हिशेबाने तुम्ही जवळजवळ दोन दिवस उशीर केलात.

---

शेडवाला_निफाड

हो काका, जवळजवळ दोन दिवस उशीर झाला. आकडा शेडच्या दारावर रंगवून घेतो, बाकाच्या वर.

---

परसबाग_परभणी

पाण्याची खूण आमच्या कोंबड्यांच्या भांड्याला पण करते. आणि सूक्ष्मदर्शक ताई, परवानगी आहे, वाचून दाखवा. ती फ्लूची लस सरकारी दवाखान्यात मिळते का तेवढं सांगा, गटात आम्ही चौदा जणी आहोत.

---

सूक्ष्मदर्शक

चौकशी करून उद्या इथेच लिहिते, चौदा जणींसाठी आणि निफाडच्या अकरा शेडांसाठी पण.